उजवी हीटेड ग्रिप पुन्हा पुन्हा का जाते: झिजलेल्या ग्रिपचं निदान आणि दुरुस्ती

मोटरसायकलच्या हँडलवर हात गरम ठेवायला बसवलेल्या, विजेवर तापणाऱ्या मुठी म्हणजे हीटेड ग्रिप. त्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. उजवी गार पडली, नवी बसवली, थंडी संपता संपता तीही गार पडली. डावी मात्र ठणठणीत. मग माणूस कंपनी बदलतो, महागातली जोडी घेतो, आणि पुढच्या मोसमात पुन्हा तेच. यात ग्रिपचा दोष क्वचितच असतो. उजव्या ग्रिपची तार ज्या वळणाने बाहेर काढलेली असते ते वळणच तिला तोडत असतं, आणि नवी ग्रिप त्याच वळणाने बसवली की तीही तिथेच तुटणार. म्हणून जुनी ग्रिप उतरवायच्या आधी ती नेमकी कशाने गेली हे शोधून काढा. एकदा ती कापून काढली की पुरावाही तिच्याबरोबर गेला.

झिजलेल्या ग्रिपच्या तक्रारीत दोन दोष एकत्र मिसळलेले असतात. पहिला रबराचा: ते गुळगुळीत होतं, चिकट होतं किंवा फाटतं. दुसरा उबेचा: ती कमी होते किंवा पूर्ण बंद पडते. दोन्ही एकाच वेळी दिसले तरी त्यांची कारणं बहुधा वेगळी असतात. अपवाद एक आहे. ग्रिप सैल होऊन फिरायला लागली असेल तर रबरही झिजतं आणि तारही तुटते. त्यामुळे सगळ्यात आधी ग्रिप घट्ट मुठीत धरून पिळून बघा. डावी जरासुद्धा हलता कामा नये. उजवी थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरच्या) नळीसकट फिरली पाहिजे, नळीवर एकटीच नाही. इथे सैलपणा सापडला तर मीटर काढायच्या आधीच निम्मं उत्तर मिळालं.

आधी हाताने तपासा

गाडी मोकळ्या जागेत लावा, इंजिन चालू ठेवा, कंट्रोलर सगळ्यात वरच्या लेव्हलला लावा आणि दहा मिनिटं थांबा. मग हातमोजे काढून दोन्ही ग्रिपवर टोकापासून आतपर्यंत हात फिरवा. वरची बाजू, खालची बाजू, बोटं येतात ती बाजू, सगळीकडे. घाईत दोन मिनिटांत निर्णय घेऊ नका, जाड रबराला तापायला वेळ लागतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. डावी ग्रिप उजवीपेक्षा थोडी गार लागते, आणि तो बिघाड नसतो. डावी ग्रिप थेट हँडलच्या धातूच्या नळीवर चिकटवलेली असते, त्यामुळे तिची बरीच उष्णता नळी शोषून घेते. उजवी प्लास्टिकच्या थ्रॉटल नळीवर असते, आणि प्लास्टिक उष्णता सहजासहजी जाऊ देत नाही. काही जोड्यांमध्ये हे ओळखून डाव्या ग्रिपचं कॉइल, म्हणजे आतलं तापणारं तारेचं वेटोळं, मुद्दाम थोडं ताकदीचं दिलेलं असतं. तेव्हा डावी जराशी कोमट आहे एवढ्यावरून ती उपटायला निघू नका. ती पुन्हा बसवायची वेळ आलीच आणि आतल्या व्यासात जागा असली, तर हँडलच्या नळीवर आधी पातळ हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसणारी नळी) चढवा. तेवढ्याने फरक जाणवतो.

दोन्ही ग्रिप गरम आहेत पण हात गारच राहतात, अशीही तक्रार येते. त्यात वायरिंगचा संबंध नसतो. ग्रिप तळहाताला ऊब देते, बोटांच्या पाठीला वारा लागतच राहतो, आणि तळव्याला जाड अस्तर असलेला हातमोजा ग्रिपची ऊब आत येऊच देत नाही. तळवा पातळ आणि पाठ जाड असा हातमोजा आणि वारा अडवणारे हँडगार्ड, याने जेवढं काम होतं तेवढं नव्या ग्रिपने होत नाही.

आता खरे बिघाड. एक गरम आणि दुसरी पूर्ण गार असेल तर गार ग्रिपची तार, तिचा कनेक्टर किंवा तिचं कॉइल, या तिन्हींपैकी कशात तरी दोष आहे. दोन्ही गार असतील तर सप्लाय, फ्यूज, रिले किंवा कंट्रोलर बघा. पण काही जोड्यांत दोन्ही ग्रिप एकापाठोपाठ एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडलेल्या असतात, आणि तिथे एक तुटली की दोन्ही गार पडतात. एकाच जागी चटका बसतो आणि बाकी ग्रिप कोमट आहे, असं असेल तर आतलं कॉइल जागेवरून सरकलंय किंवा त्याचे वेढे एकमेकांना टेकलेत. अशी ग्रिप वापरू नका. हाताची संवेदना कमी असलेल्या माणसाने तर अजिबात नको, त्याला भाजल्याचं उशिरा कळतं.

आणि एक नमुना असा आहे की तो बहुतेकांना चकवतो. कमी लेव्हलला ग्रिप व्यवस्थित चालते, जास्त लेव्हल लावली की कंट्रोलर बंद पडतो. कंट्रोलर खराब झाला असं वाटतं. प्रत्यक्षात काही कंट्रोलर बॅटरी वाचवण्यासाठी व्होल्टेज साधारण साडेअकराच्या खाली गेला की आपोआप बंद होतात. सप्लायची तार बारीक असेल किंवा कनेक्टरला गंज असेल तर जास्त करंट ओढल्याबरोबर वाटेतच व्होल्टेज पडतो, आणि बॅटरी चांगली असूनही कंट्रोलरला ती उतरल्यासारखी दिसते. नवा कंट्रोलर लावला तरी तो तसाच वागणार.

मीटर लावून थ्रॉटल पिळा

ग्रिपचा कनेक्टर सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध बघून घ्या. ०.२ ते ०.५ ओहम असा काहीतरी आकडा येईल, तो पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. इतर ठिकाणी हे कुणी करत नाही, पण इथे मोजायचा आकडाच लहान आहे, त्यामुळे अर्ध्या ओहमनेही निष्कर्ष बदलतो.

किती रोध यायला हवा ते जोडणीवर अवलंबून असतं. समजा दोन्ही ग्रिप मिळून सुमारे ४५ वॅटच्या आहेत. समांतर जोडलेल्या असतील तर प्रत्येक ग्रिप ८ ओहमच्या आसपास दाखवेल, सीरिजमध्ये असतील तर २ ओहमच्या आसपास. दोन्ही प्रकारांत एकूण ४ ओहम होतात, आणि १३.५ व्होल्टला सुमारे ३.४ अँपिअर करंट जातो. म्हणून २ ओहम दिसले की लगेच शॉर्ट म्हणू नका, आणि ८ दिसले की कॉइल गेलं असंही म्हणू नका. तुमच्या जोडीच्या कागदावर आकडा असेल तर तो धरा. नसेल तर चालू असलेल्या ग्रिपचा आकडा हीच तुमची मोजपट्टी.

ग्रिप स्थिर असताना आलेला आकडा अर्धवटच माहिती देतो. आता पिना कनेक्टरला क्लिपने अडकवून ठेवा, इंजिन बंदच ठेवा, आणि थ्रॉटल सावकाश पूर्ण पिळा, सावकाश सोडा. आकड्यावरची नजर हलवू नका. चांगल्या ग्रिपचा आकडा जागचा हलत नाही. तुटत आलेल्या तारेचा आकडा ८ वरून ११, मग २०, मग अचानक उघडं सर्किट दाखवतो, आणि थ्रॉटल सोडला की मुकाट ८ वर परत येतो. गाडी उभी असताना ग्रिप गरम आणि रस्त्यावर लागलं की गार, ही तक्रार इथूनच येते. उभ्या गाडीत थ्रॉटल बंद असतो, चालत्या गाडीत तो उघडा असतो, आणि तार नेमकी त्या उघड्या स्थितीतच सुटते. उभ्या गाडीत कितीही वेळा तपासलं तरी सगळं ठीकच दिसतं.

हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवूनही हीच चाचणी करा. थ्रॉटल पिळताना आकडा हलला तर दोष ग्रिपच्या मुळाशी. हँडल वळवताना हलला तर स्टिअरिंगच्या मानेजवळ, जिथे सगळी वायरिंग दुमडते तिथे. हँडल वळवलं की फ्यूजच उडत असेल तर तिथल्या तारेचं आवरण घासून तार चेसीला टेकते आहे.

शेवटी एक पिन ग्रिपच्या तारेला आणि दुसरी हँडलच्या धातूला, रंग खरवडलेल्या जागी, लावून बघा. सर्किट उघडं दिसलं पाहिजे. काही ना काही रोध दिसत असेल तर कॉइलचं किंवा तारेचं आवरण गेलंय, बहुधा आत पाणीही शिरलंय. ही चाचणी पावसात गाडी चालवून आल्यावर केली तर जास्त खरं बोलते.

मीटरने व्होल्टेज मोजायचा असेल तर कंट्रोलर पूर्ण लेव्हलवर ठेवूनच मोजा. बहुतेक इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर ऊब कमी करायला व्होल्टेज कमी करत नाहीत, सप्लाय झपाट्याने चालू-बंद करतात. मधल्या लेव्हलला साधा मीटर कसलाही आकडा दाखवतो आणि त्यावरून काहीही कळत नाही.

मुळाशी नेमकं काय होतं

तार जिथे ग्रिपच्या कडेतून बाहेर येते तिथलं रबर ब्लेडने थोडं थोडं सोलून बघा. बाहेरचं आवरण बहुधा शाबूत असतं, फार तर त्यावर एक पांढुरकी घडी पडलेली असते. आवरण उभं कापलं की आत तांब्याचे बारीक धागे दिसतात. काहींची टोकं लख्ख असतात, ते नुकतेच तुटलेले. काहींची काळपट हिरवी असतात, ते केव्हाच तुटलेले आणि त्यांच्यापर्यंत पाणी पोचलेलं. जे दोन-चार धागे उरलेले असतात त्यांच्याभोवतीचं आवरण तपकिरी झालेलं असतं, कारण सगळा करंट त्यांच्यातूनच चालला होता आणि ते तापत होते.

हे एका दिवसात होत नाही. थ्रॉटल साधारण पाव फेरी फिरतो. प्रत्येक वेळी तार त्याच एका ठिकाणी वाकते. तांबं वाकून वाकून कडक होतं, मग एकेक धागा तुटत जातो. हातातली तार पुढेमागे वाकवून तोडावी तसंच हे आहे, फक्त इथे ते काम प्रत्येक प्रवासात थोडं थोडं होतं. थंडीत आवरण आणखी ताठ होतं, त्यामुळे वाक एका बिंदूवर एकवटतो. डाव्या ग्रिपला फिरायचंच नसल्याने तिच्या तारेवर ही वेळ येत नाही.

म्हणून बघायचं असतं ते हे की तार वाकते कुठे आणि किती. बहुतेक ठिकाणी एकच घोळ दिसतो. ग्रिप चिकटवताना थ्रॉटल बंद असतो, त्या स्थितीत तार छान सरळ दिसते, आणि नीटनेटकं दिसावं म्हणून ती लगेच ब्रेकच्या तारेला टायने आवळून टाकतात. आता थ्रॉटल पूर्ण पिळला की तो सगळा ताण ग्रिपच्या तोंडाशी येतो.

योग्य पद्धत अशी. थ्रॉटल अर्धा उघडा असताना तार सरळ राहिली पाहिजे, म्हणजे बंद करताना ती थोडी एका बाजूला आणि पूर्ण उघडताना थोडी दुसऱ्या बाजूला वाकेल, आणि प्रत्येक बाजूचा वाक निम्मा होईल. ग्रिपमधून बाहेर आल्यावर तळहाताच्या लांबीचा मोकळा वळसा ठेवा. पहिला टाय या वळशाच्या पलीकडे, न हलणाऱ्या भागावर मारा आणि तो आवळून घट्ट करू नका. तारेचं तोंड ब्रेकचा लिव्हर, ब्रेक ऑइलची टाकी आणि स्विचचा डबा यांच्यापासून लांब राहील अशा कोनात ठेवा. स्विचचा डबा आणि ग्रिपची कड यांच्यामधल्या फटीत तार शिरत असेल तर ती तिथे चेपली जाऊन तुटेल, आणि त्याहून वाईट म्हणजे थ्रॉटल अडकवेल.

या शेवटच्या मुद्द्यावर मला जोर द्यायचा आहे. हीटेड ग्रिपच्या कामात गार हात हा त्रास आहे, अडकलेला थ्रॉटल हा जिवाचा धोका आहे. तारेला वळसा दिल्यावर इंजिन बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण पिळून एकदम सोडा. तो स्वतःच्या स्प्रिंगने टकन बंद झाला पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे, मधे आणि पूर्ण उजवीकडे, तिन्ही ठिकाणी हे करा. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल दोन्ही टोकांना वळवा. इंजिनचा आवाज कुठेही वाढला तर काहीतरी ताणलं जातंय, आणि तशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

जोडायची की बदलायची

तार ग्रिपच्या तोंडापाशी तुटली असेल आणि आत ५ मिमीपेक्षा जास्त टोक सापडत असेल तर ग्रिप वाचवता येते. भोवतालचं रबर अरुंद खाचेसारखं कोरून टोक उघडं करा, काळवंडलेलं तांबं घासून लख्ख करा, आणि त्याला सिलिकॉनच्या आवरणाची, खूप बारीक धाग्यांची नवी तार सोल्डर करा. साधी पीव्हीसी आवरणाची तार इथे वापरू नका, थंडीत ती पुन्हा ताठ होते.

सोल्डर चांगला बसला म्हणजे काम झालं असं समजू नका. वितळलेला सोल्डर धाग्यांच्या आत बराच चढतो. जिथपर्यंत चढतो तिथपर्यंत तार कडक होते, आणि कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो त्या सीमेवर ती पुन्हा तुटते. म्हणून सोल्डरचा जोड ग्रिपच्या आत असा गाडला गेला पाहिजे की तो हलणारच नाही, आणि वाक पुढच्या मऊ तारेवर पडेल. खाच भरायला लवचीक राहणारं चिकटद्रव्य घ्या. मात्र व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन टाळा, सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं सिलिकॉन चालतं. दोन तारांपैकी एकच तुटली असली तरी दुसरीही उघडून बघा. तिनेही तेवढेच हेलकावे खाल्लेले असतात.

मुळाशी टोकच सापडत नसेल, मीटर मधेच उघडं सर्किट दाखवत असेल किंवा हँडलच्या धातूकडे करंटची गळती दिसत असेल तर ग्रिप गेली. बदलताना शक्यतो त्याच मॉडेलची घ्या. सीरिज जोडणीत वेगळ्या रोधाची ग्रिप घातली तर दोन्हींमधली उष्णतेची वाटणी बिघडते. कारखान्यातूनच हीटेड ग्रिप आलेल्या काही गाड्यांमध्ये गाडीचा कंप्युटर रोधावर लक्ष ठेवतो, तिथे दुसऱ्या जातीची ग्रिप लावली की तो फॉल्ट दाखवून सप्लायच बंद करतो. आणि डावीच्या जागी उजवी बसत नाही. थ्रॉटलच्या नळीवरून जायचं असल्याने उजवीचा आतला व्यास मोठा असतो.

कनेक्टर आणि सप्लाय

ऊब हळूहळू कमी होत गेली असेल तर कनेक्टर तपासा. हा भाग छोटा आहे पण यातला हिशेब बघण्यासारखा आहे. वरच्याच ४ ओहमच्या जोडीत एका गंजलेल्या कनेक्टरने फक्त अर्धा ओहम रोध वाढवला असं धरा. करंट ३.४ वरून ३ अँपिअरवर येतो, ग्रिपना मिळणारी ऊब ४५ वॅटवरून ३६ वर घसरते, आणि साडेचार वॅट त्या इवल्याशा कनेक्टरमध्ये जळतात. तेवढ्यावर प्लास्टिक मऊ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून कनेक्टर बोटाने चाचपा. ग्रिप चालू असताना तो कोमट लागला तर तोच चोर.

मीटरने खात्री करायची तर ग्रिप पूर्ण लेव्हलवर असताना एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी कंट्रोलरच्या पॉझिटिव्ह सप्लायला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर वाटेत कुठेतरी दोष आहे. अर्थिंगच्या बाजूनेही असंच मोजा, ती बाजू हमखास राहून जाते. अर्थची तार रंगाच्या थरावर बोल्टने दाबलेली असेल तर खालचा धातू खरवडून लख्ख करा. नवे कनेक्टर आतून गोंद सुटणाऱ्या हीट-श्रिंकने बंद करा आणि पिनांना थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

सप्लाय थेट बॅटरीवरून फ्यूजसकट घ्यावा आणि तो चालू-बंद व्हायला चावीवर चालणारा रिले असावा. हेडलाइटच्या तारेतून चोरून घेतलेला सप्लाय सुरुवातीला चालतो, पण तिथे आधीच इतर भार असतो. व्होल्टेज १४ ऐवजी १२ मिळाला तर ऊब सव्वीस टक्क्यांनी घटते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लहान इंजिनाच्या गाड्यांत संथ वाहतुकीत चार्जिंगच कमी पडतं. तिथे ग्रिपला दोष देण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज इंजिन चालू असताना मोजा.

ऊब आहे, रबर गेलंय

कॉइल चांगलं असताना नुसतं रबर झिजलं म्हणून ग्रिप टाकून देणं मला पटत नाही. पण आधी रबर कितपत गेलंय ते बघा. नक्षी पुसली गेली आहे एवढंच असेल तर वरून आवरण चढवता येतं. कॉइलचे वेढे रबरातून उठून दिसायला लागले असतील किंवा रबर चिरलं असेल तर पाणी आत जाणारच. तिथे आवरण हा तात्पुरता उपाय आहे.

आवरणासाठी मासेमारीच्या गळाच्या दांड्यावर चढवतात ती नक्षीदार हीट-श्रिंक नळी फार चांगली. ती पातळ असते त्यामुळे ऊब अडत नाही, पकड येते आणि ग्रिपची जाडी फारशी वाढत नाही. चढवायला बार-एंडचं, म्हणजे हँडलच्या टोकाचं, वजन काढावं लागतं. हीट गन एका जागी धरून ठेवू नका, फिरवत राहा, आतून बाहेरच्या दिशेने आकसत या. तारेच्या तोंडापाशी नळी तिरकी कापा म्हणजे ती तारेला दाबणार नाही. फोमची आवरणं हाताला मऊ लागतात, कंपही कमी करतात, पण फोम म्हणजे उष्णतेला अडथळा, आणि पावसात तो पाणी धरून ठेवतो. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा वाटेतल्या अडचणीला चालतो.

उजव्या बाजूला कुठलंही आवरण चढवलं की त्याची कड स्विचच्या डब्याला किंवा बार-एंडला घासत नाही ना ते बघा. घासलं की थ्रॉटल जड होतो आणि सोडल्यावर पूर्ण बंद होत नाही.

रबर का गेलं हेही बघायला हवं, नाहीतर नवीनही तशीच जाईल. बाहेरच्या कडेला, तळहाताची टाच टेकते तिथेच झीज असेल तर लिव्हरचा कोन तपासा. लिव्हर फार वर असले की मनगट मोडतं आणि अंगाचा भार तळहातावर येतो. बसल्यावर हात आणि बोटं एका रेषेत येतील इतके लिव्हर खाली करा. हात दुखायचेही कमी होतात. थ्रॉटलला लावायचं तळहाताचं पॅड नेहमी एकाच जागी असेल तर तिथे खाच पडते. रबर सगळीकडून चिकट झालं असेल तर कारण बहुधा रसायन असतं: पेट्रोल लागलेले हात, चेनचं तेल, सनस्क्रीन, किंवा गाडी चमकवायचा स्प्रे. उन्हाने आणि आतल्या उष्णतेने हे आणखी लवकर होतं. चिकट थर साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. पेट्रोलने पुसू नका, रबर आणखी फुगतं. आणि थंडी संपल्यावर किंवा गरज नसताना उगाच पूर्ण लेव्हलवर चालवू नका. हात तापले की लेव्हल खाली आणा, रबराचं आयुष्य वाढतं.

काढताना आणि बसवताना

साध्या ग्रिपखाली हवा मारून ती निसटवतात, ती युक्ती इथे चालत नाही. आत कडक प्लास्टिकची नळी असते आणि ती चिकटवलेली असते. चालू ग्रिप वाचवून काढायची तर तिलाच पूर्ण लेव्हलवर तापवा, बाहेरून हीट गनने थोडी मदत करा, आणि गोंद मऊ झाल्यावर पिळत पिळत काढा. जोर लावून स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. बिघडलेली ग्रिप सरळ हँडलच्या लांबीच्या दिशेने कापा. उजव्या बाजूला ब्लेड खोल गेलं तर थ्रॉटलची नळी चिरते, आणि ज्या गाड्यांत थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे तिथे ती नळी सेन्सरला जोडलेली असते, म्हणजे नुकसान मोठं. ॲसिटोनने गोंद विरघळतो पण प्लास्टिकही खराब होतं, म्हणून ते फक्त डाव्या बाजूच्या उघड्या धातूवर, तेही रंग नसेल तिथेच.

जुन्या थ्रॉटल नळीवर उभ्या कड्या असतील तर नवी ग्रिप बसायला त्या तासाव्या लागतात. थोडं तासा, बसवून बघा, पुन्हा तासा. ग्रिप हाताने नीट सरकली पाहिजे, हातोडीने ठोकायची नाही. ठोकली की आतलं कॉइल तडकतं. मग दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. ग्रिप सरकवायला साबण, तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका.

गोंद उष्णता सोसणारा हवा. साध्या ग्रिपसाठी मिळणारा रबरी गोंद हीटेड ग्रिपखाली मऊ पडतो, ग्रिप फिरायला लागते आणि तार मुळातून पिळवटून तुटते. जोडीबरोबर आलेला गोंद वापरा, नाहीतर उष्णता सोसणारं इपॉक्सी घ्या. जोडीतला गोंद सुपर ग्लू असेल तर तो काही सेकंदांत धरतो, त्यामुळे आधी गोंद न लावता ग्रिप जागेवर ठेवून तारेचा कोन ठरवा, कडेला आणि हँडलवर पेनने खूण करा आणि मगच चिकटवा. उजव्या ग्रिपचं बाहेरचं टोक आणि बार-एंड यांच्यात २ ते ३ मिमी मोकळी जागा ठेवा.

गोंद पूर्ण वाळेपर्यंत ग्रिप चालू करू नका, बहुतेक इपॉक्सींना एक दिवस लागतो. वाळल्यावर मीटर पुन्हा लावा आणि थ्रॉटल पिळत असताना येणारा आकडा कनेक्टरजवळच्या टेपवर लिहून ठेवा. पुढच्या थंडीच्या सुरुवातीला हीच चाचणी केली आणि तोच आकडा आला तर तार शाबूत आहे. अर्ध्या-एक ओहमने वर सरकला असेल तर धागे तुटायला लागलेत, आणि ग्रिप गार पडायच्या आधीच वळसा सैल करून तार वाचवायची संधी तुमच्या हातात आहे.